मागे वळून बघणारी

वहिनी,

तुझं अजून बारावंही झालेलं नाही आणि घरात येणारा प्रत्येक माणूस तुझ्याबद्दल खोटं बोलायला लागला आहे. "गरीब गाय गो ती," असं वाड्यावरची एक म्हातारी परवा म्हणाली. "कधी कुणाला उलट शब्द नाही," असं तिच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सांगितलं. मी दारापुढच्या ओसरीत, बाल्कांवातल्या सोप्यावर बसून मान डोलावत होतो, कारण सुतकाच्या घरात वाद घालू नये म्हणतात. पण हसू काही आवरत नव्हतं. तू म्हणे गरीब गाय. ह्या घरात नको ते प्रश्न विचारायचा मक्ता कायम तुझ्याकडे होता. तुझ्या त्या खोडीमुळेच मी आज हे लिहायला जिवंत आहे. हे ह्या मंडळींना सांगितलं तर त्यांच्या हातातला चहा गार होईल.

तू चंदगडकडची. तुझे मामा पाळीच्या खाणीवर मुकादम, दादा तिथेच खनिजाचा ट्रक चालवायचा, आणि पोरगा निर्व्यसनी बघून मामांनी सोयरीक जमवली. तू गोव्यात तुयेला, आमच्या गावी आलीस तेव्हा मी शाळेत होतो. पहिल्याच सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत दारात आला, आईने टोपलीभर पाव घेतले, आणि तू मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गाठून हळूच विचारलंस, "भावजी, घरात कोण आजारी हाय?" तुमच्याकडे पाव दुखणाईताला देत. मी ती गोष्ट वाड्यावर सगळीकडे सांगत सुटलो आणि तू सूड म्हणून वर्षभर मला "पाववाले भावजी" म्हणालीस. मला आवडायचं ते. आमच्या घरात तोपर्यंत थट्टा नव्हती. बाबांचा आवाज होता, त्यांची वेताची छडी होती, आणि त्या दोन्हींमधून जी जागा उरेल तिच्यात मी आणि दादा वाढलो.

मग तुझा पहिला म्हाळ आला. आमच्याकडे पितृपक्षात म्हाळाला गेलेल्यांच्या नावाने पानं वाढतात आणि घरचा कर्ता एकेकाचं नाव घेऊन पाणी सोडतो. आमच्या घरात मात्र एक पान बाजूला काढायचं. ते मागीलदारी फणसाखाली नेऊन ठेवायचं आणि मागे वळून न बघता घरात यायचं. पान कुणाचं, हे विचारायचं नाही. आधी हे काम आईचं होतं, आता सुनेचं. तू पान ठेवलंस, थोडी चालून आलीस आणि सगळ्यांच्या देखत मागे वळून बघितलंस. आईने कपाळावर हात मारला. तू पदराला हात पुसत आत आलीस आणि विचारलंस, "तिथं कोण जेवतंय?"

बाबा म्हणाले, "त्येचा नाव ह्या घरात काढूचा नाय."

तो विषय तिथे संपला असं आम्हाला वाटलं. तुला आम्ही अजून ओळखत नव्हतो.

मला स्वतःला एवढंच ठाऊक होतं, की बाबांना मधू नावाचा एक धाकटा भाऊ होता आणि तो ऐन तारुण्यात स्वतःच्या हाताने गेला. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मोठी माणसं ज्या तऱ्हेने गप्प बसतात, त्यावरून मुलांना सगळं कळतं. शिवाय मी दिसायला मधूसारखा होतो. लग्नकार्यात एखादी आजी माझ्या हनुवटीला हात लावायची, काही बोलायला जायची आणि दुसरी तिला कोपर मारायची. मी त्या कोपराचा अर्थ लावत मोठा झालो.

गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी मी म्हापशाला कॉलेजात होतो. त्या दिवसांत घरोघरी दोनच विषय होते, भाषा आणि राज्य. बाबा कट्टर मराठीवाले, माझे मित्र कोकणीवाले, आणि मी दोन्हीकडे मान हलवणारा. बाबा सोप्यावर पेपर आपटून शेजाऱ्यांशी तावातावाने भांडायचे, आणि तू आतून चहा घेऊन येता येता म्हणायचीस, "मामंजी, मराठीसाठी भांडायलाय खरं, पण भांडायलाय कोकणीत." शेजारी हसायचे आणि बाबा अधिकच चिडायचे. आपल्या दोघांचा तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मी कोकणीची बाजू घ्यायचो आणि तू म्हणायचीस, आधी मला ती नीट बोलून दाखव, मग बघू. एवढ्या वर्षांत तू स्वतः ती बोलायला शिकलीस, पण माझ्याशी मुद्दाम चंदगडचंच बोललीस.

तर अशा त्या वर्षी, दोन भाषांवरून एवढा गदारोळ चाललेला असताना, मला काय होतंय ते मला एकाही भाषेत सांगता येत नव्हतं. सकाळी उठायचं म्हणजे अंगावरून ओल्या रेतीचं पोतं बाजूला करायचं. वर्गात फळ्यावरची अक्षरं दिसत, पण त्यांचा अर्थ लागत नसे. जेवण जात नव्हतं, झोप नव्हती. मी कॉलेजला जायचा बंद झालो तेव्हा बाबांनी छडी काढली. "सोंगां करता," असं ते मारताना म्हणाले. मला लागलंसुद्धा नाही, आणि तेच त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हात आवरला, आणि त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा भीती बघितली.

मग घराने ठरवलं की मधू मला लागला. भूत उतरवणारा घाडी आला, कोंब्याचा बळी झाला, नारळ ओवाळून तिठ्यावर टाकले. मला मागीलदारी जायची बंदी झाली. माझ्यासमोर मधूचं, मरणाचं, दुखण्याचं काही बोलायचं नाही असा बाबांचा हुकूम होता, कारण नाव घेतलं की तो येतो. मी जेवायला आलो की पाटावरची माणसं गप्प व्हायची. सगळ्यांचा जीव माझ्यासाठी तुटत होता, हे मी आज शपथेवर सांगेन. पण ज्या मुलाशी बोलायला हवं होतं, नेमकं त्याच्याच भोवती त्यांनी गप्प राहायचा पहारा बसवला. मी त्यातून एकच अर्थ काढला. सगळ्यांना माहीत आहे, आता माझा नंबर आहे, आणि त्यावर कुणाचा काही इलाज नाही.

म्हाळाच्या आदल्या दिवशी दुपारी तू आदोळीवर बसून नारळ खवत होतीस. आई कुठेतरी बाहेर गेली होती. मी पाणी प्यायला आत आलो, आणि तू मान वर न करता म्हणालीस, "बस हितं." मी बसलो. तू नारळाची वाटी फिरवत राहिलीस आणि तापबिप आहे का असं विचारावं तशा आवाजात विचारलंस,

"भावजी, मरावंसं वाटतंय काय रं तुला?"

वहिनी, मी ह्या वयातही तुझ्या त्या धाडसाने थक्क होतो. त्याचंच शिक्षण घेतलेली माणसंसुद्धा हा प्रश्न विचारायला कचरतात. विचारलं तर पोराच्या डोक्यात नसलेलं खूळ भरेल, असं त्यांना वाटतं. तुला हे कुणी शिकवलं होतं? मी "हो" म्हणालो. माझ्या तोंडून तो शब्द निघाला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला श्वास पुरला. तू रडली नाहीस, ओरडली नाहीस, देवाचं नाव घेतलं नाहीस. हातातली वाटी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "बरं केलंस सांगितलंस. आता हे तुझ्या एकट्याचं न्हाई. आजपासनं मी जिथं, तिथं तू. कंटाळा आला तरी." आणि खरोखरच त्या दिवसापासून तू मला सावलीसारखं धरून ठेवलंस. भाजी निवडायला बसवलंस, विहिरीवर जाताना कळशी घ्यायला लावलीस, रात्री आईला माझ्याच खोलीत निजायला लावलंस. "भाजी निवडणारा पुरुष" म्हणून वाड्यावरच्या पोरांनी मला चिडवलं तर तू त्यांनाही बोलावून शेंगा सोलायला बसवलंस.

दुसऱ्या दिवशी म्हाळाचं वेगळं काढलेलं पान तू उचललंस, आणि मागीलदाराकडे न जाता सरळ आत आलीस. आजा-आजीच्या पानांशेजारी ते ठेवलंस आणि तिथेच मांडी घालून बसलीस.

बाबा उभे राहिले. "आत कित्याक हाडलंस ता पान?"

"मामंजी, ह्यो माणूस घरचा हाय ना? मग जेवायला बाहेर का?"

"त्येचा नाव काढलंस तर काय जातला, म्हायत आसा तुका?"

"नाव न काढता काय झालंय, ते बघायलाय की तुम्ही," तू म्हणालीस आणि माझ्याकडे बोट केलंस. "त्येला वाटतंय त्यो बी बाहेरच जेवणार."

सासऱ्यासमोर सून असं बोलते हे आमच्या घराने कधी ऐकलं नव्हतं. बाबा हात उगारतील असं मला वाटलं. दादा दाराशी उभा होता. पावसाळ्यात ट्रक बंद म्हणून तो घरी होता, पण त्याला पुढे यायचा धीर होत नव्हता. मग बाबा गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि त्या पानाकडे बघत बोलायला लागले. मधू अभ्यासात हुशार होता. एकाएकी तो गप्प झाला, खाईना, उठेना. "तुमच्या आज्यान ताका मारल्यान. सोंगां करता म्हणान. मी बाजूक उबो होतंय. मधू माझ्याकडे बघी होतो. मी कायेक बोललंय नाय." नंतर त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि आमच्यासमोर पहिल्यांदा आपल्या भावाचं पूर्ण नाव घेतलं.

नाव घेतलं आणि काहीच झालं नाही, वहिनी. कुणी आलं नाही, कुणी कुणाला लागलं नाही. मधू म्हणजे माझ्या कपाळावर लिहिलेलं भविष्य नव्हता. तो आजारी पडलेला एक मुलगा होता, आणि त्याला कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं.

मला तू नेलंस. त्या काळात पणजीच्या टेकडीवरच्या इस्पितळाचं नाव म्हणजे शिवी होती. एखाद्याला वेडा म्हणायचं तर "टेकडीवर न्हेवया काय?" असं म्हणत. बाबांचा डॉक्टरला विरोध उरला नव्हता, पण कुणाला कळू नये एवढी त्यांची इच्छा होती. विचारलंच तर बाजाराला चाललो म्हणून सांगा, म्हणाले. तू मान डोलावलीस. तू मान डोलावलीस की मनातून नाही म्हणालेली असायचीस, हे त्यांना नंतर कळलं.

पणजीचा पूल पडलेला होता, म्हणून बेतीला फेरीबोट धरायची. बोटीत आपल्याच वाड्यावरचे एक मास्तर भेटले. "खंय गो, दीर-वहिनी सकाळीच?" त्यांनी विचारलं. बोट माणसांनी भरलेली होती. तू अख्ख्या बोटीला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणालीस, "डाक्टरकडं चाललोय. भावजींच्या मनाला बरं न्हाई. टेकडीवर चांगला डाक्टर हाय म्हणत्यात." मला त्या क्षणी खाडीत उडी नको आणि बोटही नको असं झालं. मास्तर गोंधळले, इकडेतिकडे बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, त्यांच्या भाच्यालाही असंच काहीसं होतंय, तिथे कुठल्या वारी जायचं असतं? तू म्हणालीस, "कळलं की सांगते. हळू कशाला बोलायलाय?"

आणि सगळा वेळ तू माझं मनगट घट्ट धरून होतीस. "मला पाण्याची भीती वाटती," म्हणालीस. मी खुळा, तुला धीर देत राहिलो. पुढे केव्हातरी तुझा भाऊ बोलून गेला की माहेरच्या नदीला पूर असताना तू पोहत पैलतीर गाठायचीस.

डॉक्टर शांत माणूस होते. हा आजार आहे, औषधाने आणि बोलण्याने उतरतो, वेळ लागतो, असं त्यांनी सांगितलं. वेळ लागला. दोनदा मी गोळ्या सोडून दिल्या आणि दोनदा परत खड्ड्यात गेलो. तुला वाटत असेल मला आठवत नाही, पण दुसऱ्या खेपेला तू वैतागून माझ्या पाठीत धपाटा घातला होतास आणि मग स्वतःच हुंदके देत बसलीस. मला तुझा तो धपाटाही प्रिय आहे. बाबाही काही एका म्हाळात साधुसंत झाले नाहीत. त्यांचा आवाज चढायचाच. पण छडी दिसेनाशी झाली, आणि तुझ्या मुलांनी ती कधी पाहिलीसुद्धा नाही. तुझी मुलं आजोबांच्या खांद्यावर चढून त्यांच्या मिशा ओढायची, आणि मी आणि दादा एकमेकांकडे बघायचो. ह्या माणसाला मिशा ओढता येतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

त्यावरून आपला दुसरा वाद. मी म्हणायचो, तू बाबांना स्वस्तात सोडलंस. तू म्हणायचीस, "त्ये भ्यालेलं माणूस हाय रं, वाईट न्हाई." मी म्हणायचो, भ्यालेल्या माणसाची छडी कमी लागते का? तू म्हणायचीस, लागते तेवढीच, पण ती थांबवता येते. मला हे अजून पुरतं पटलेलं नाही. तू जिंकलीस असं समजू नकोस.

डिचोलीत मी फार्मसी उघडली तेव्हा पहिल्या दिवशी तू येऊन काउंटरच्या आत बसली होतीस. कॉलेजचा एक मुलगा घडी घातलेली चिठ्ठी मुठीतून पुढे करत होता. चिठ्ठी मनाच्या डॉक्टरची आहे हे मी ओळखलं आणि आवाज लहान केला. तो गेल्यावर तू माझ्यावर बरसलीस. "तापाची गोळी देताना असा कुजबुजतोस काय? तू लाजलास तर त्यो लाजणारच." तेव्हापासून मी त्या गोळ्या मोठ्या आवाजात देतो. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, मनाने बंद करायची नाही, हे नीट सांगतो. कधी एखाद्या पोराला स्टुलावर बसवतो आणि सांगतो, ह्या मीही घेतल्यात, बघ, अजून तुझ्यासमोर उभा आहे. खाणी बंद पडल्या तेव्हा पाळीकडच्या कितीतरी घरांतली पोरं आली. त्यांच्या बापांचं आणि त्यांचं बोलणं तुटलेलं असायचं. काही बापांनाही मी स्टुलावर बसवलं. तो तुझा शब्द चालवत होतो, हे तुला कधी तोंडावर म्हणालो नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग दुकानावर माझं नाव लाव की.

आज दुपारी माणसं पांगल्यावर दादा माझ्याजवळ येऊन बसला. दादा कसा आहे ते तुला सांगायला नको, जन्मभर तो ट्रकशी जास्त आणि माणसांशी कमी बोलला. बराच वेळ तो समोरच्या माडांकडे बघत होता. मग म्हणाला, "तिना माका इस्पितळात सांगल्यान. मरच्या आधी." तू त्याला सांगितलं होतंस, की ह्या घरातलं तुझं पहिलं वर्ष कसं गेलं. मुलूख परका, बोली परकी, नवरा पाळीला, घरात सासऱ्याचा आवाज. "पयल्या वर्सा तिका जगूचाच नको होता. फणसाखाली पान ठेवक गेली तेवा तिका वाटला, हयसर कोणीतरी माझ्यासारखा आसा. म्हणान तिना फाटी वळान बघल्यान." पुढे म्हणाला, "कोणी तरी विचारतला म्हणान ती वाट बघी होती. मी खय होतंय रे तेवा?"

वहिनी, त्या वर्षी तू मला पाववाले भावजी म्हणून हसवत होतीस.

मी आयुष्यभर समजत होतो की तो प्रश्न तुला कुणीतरी शिकवला असेल. तो तुला कुणी विचारला नव्हता. तुला पाहिजे होता तो, आणि मिळाला नाही. माणसं न मिळालेल्या गोष्टीचा राग दुसऱ्यावर काढतात, आमच्या घराने तर पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं. तू ती गोष्ट मला दिलीस. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातची पेज मी इतकी वर्षं प्यालो आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरलो.

दादा उठायला गेला आणि परत बसला. "माका बरा नाय वाटत रे," तो म्हणाला. आमच्या बापाचा हा थोरला मुलगा, आजवर त्याने हे वाक्य कुणासमोर उच्चारलेलं नाही. मी त्याच्याजवळ सरकलो आणि आवाज न उतरवता त्याला विचारलं, "दादा, मरावंसं वाटतंय का?"

तो म्हणाला, "वाटला होता. काल." आणि माझा हात धरून रडायला लागला.

उद्या सकाळी त्याला घेऊन डॉक्टरकडे जातो आहे. कुणी विचारलंच, तर काय सांगायचं ते मला माहीत आहे.